प्रत्येक यंत्राची ओढ वेगळी

मुठा कर्वेनगरला खेटून वाहते, पण आमच्या भागात कुणाला वल्हं मारायची हौस आली तर त्याला जिमच गाठावी लागते. राजाराम पुलावरून खाली पाहिलं तर वर्षातले बरेच महिने पात्रातले खडक उघडे पडलेले असतात आणि मधून सांडपाण्याचा काळपट ओघ जात असतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तीच नदी काठावर उभं राहवणार नाही अशी फुगते. नाव घालण्याजोगं पाणी पुण्यात आहे ते मुळेवर. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात लष्कराचे रोअर घडतात, आणि संगमाजवळ सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासून आहे. कर्वेनगरच्या वाट्याला आलं आहे ते रोइंग मशीन.

ते मशीन शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. मी कुठल्या एका जिमच्या नोकरीत नाही. पहाटेची बॅच एका जिममध्ये, तिथून डी. पी. रस्त्याकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठ मंडळी, दुपारी कुणाच्या घरी जाऊन शिकवणं आणि संध्याकाळी वारज्याच्या बाजूला आणखी एक जिम, असा माझा दिवस जातो. या चारही ठिकाणी रोइंग मशीन आहे आणि चारही ठिकाणी ते निराळं आहे. एक हवेवर चालतं, एक पाण्यावर, एक तेलाच्या पिस्टनवर आणि एक चुंबकावर. लांबून पाहिलं तर सगळ्यांना सरकती सीट, पायांना पट्टे, हातात दांडा आणि समोर आकडे दाखवणारा पडदा. त्यामुळे एकावर जमलं की सगळ्यांवर जमलं, असा समज होणं साहजिक आहे.

“मॅडम, तिकडे पाचशे मीटर दोन मिनिटांत व्हायचे. इथे अडीच लागतात. माझा स्टॅमिना गेला का?”

हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. आमच्याकडे माणसं जिम फार बदलतात. ऑफर संपते, भाड्याची खोली बदलते, हॉस्टेलची मुलं परीक्षा झाली की पांगतात आणि परतल्यावर दुसरीकडे नाव घालतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते. घाम गाळून कमावलेलं एका रात्रीत हरवलं, असं त्याला वाटत असतं. “हे मशीन जरा जड आहे,” असं सांगून वेळ मारून नेता येते, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच सांगितलं जातं. मला ते पटत नाही. माणूस स्वतःच्या शरीराबद्दल विचारतो आहे. त्याला नीट उत्तर मिळायला हवं, मग त्यात व्यायामाची दहा मिनिटं गेली तरी चालतील.

उत्तराची सुरुवात मी हवेच्या मशीनपासून करते, कारण जगभर रोअरांची चाचणी त्यावरच होते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगाकर हे भाऊ १९७६ पासून वल्ही बनवत होते. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं आणि सराव थांबतो. त्यांनी एक सायकल धान्याच्या कोठाराच्या फरशीला ठोकून बसवली आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक ओढून पाहिलं. त्यातूनच १९८१ साली कन्सेप्ट टू या त्यांच्या कंपनीचं पहिलं मशीन निघालं. आजच्या मशीनमध्ये पात्यांचं चाक जाळीच्या डब्यात असतं, पण तत्त्व तेच आहे. दांडा ओढला की चाक फिरतं आणि हवा त्याला अडवते. जितक्या जोरात ओढाल तितकी हवा जास्त अडवते, आणि ही वाढ सरळ चालीने होत नाही. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. पडद्यावर पाचशे मीटरला अडीच मिनिटं दिसत असतील तेव्हा माणूस साधारण १०४ वॉट काढत असतो. दोन मिनिटं दिसायला २०३ वॉट लागतात. ते तीस सेकंद कमी करायला जवळजवळ दुप्पट जोर हवा. हे आकडे मी मुलांना वहीत लिहून देते. एकदा ते समजले की “अजून पाच सेकंद का निघत नाहीत” ही चिडचिड पुष्कळ कमी होते.

याच मशीनच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची खिटी असते. नवीन मुलगा बसला की पहिलं काम ती दहावर नेण्याचं. दहा म्हणजे सगळ्यात कठीण, म्हणून सगळ्यात चांगला व्यायाम, असा त्याचा हिशेब. खरं तर खिटीने फक्त डब्यात किती हवा शिरणार ते ठरतं. दहावर ओढणं म्हणजे अवजड, रुंद होडी हाकणं. तीन-चारवर ओढणं म्हणजे शर्यतीची अरुंद, निसटती होडी. दोन्हींत जीव तोडून दमता येतं. दहावर मात्र प्रत्येक स्ट्रोक लांबतो, कंबर फार वेळ भार धरून राहते आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला पाठ गोल होऊ लागते. दिवसभर खुर्चीत बसून आलेल्या आयटीतल्या मुलाच्या पाठीला हे परवडत नाही.

त्यातही खिटीवरचा पाच हा आकडा दोन जिममध्ये एकच असेल असं नाही. पुण्यात बांधकाम आणि रस्त्यांची धूळ किती आहे ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ती चाकाच्या जाळीत बसते, हवेची वाट अडते आणि पाचवर ठेवलेलं मशीन दोन-तीनसारखं हलकं लागतं. दुसऱ्या जिममध्ये नुकतीच सफाई झालेली असते, तिथला पाच खराखुरा पाच लागतो. म्हणून खिटीकडे न बघता मॉनिटरच्या मेन्यूतला ‘ड्रॅग फॅक्टर’ काढायला मी शिकवते. दोन स्ट्रोकांच्या मधल्या वेळात चाक किती झपाट्याने मंदावतं, यावरून मशीन हा आकडा दर वेळी नव्याने काढतं. त्यामुळे धूळ असो, समुद्रकाठची जाड हवा असो की आपल्या पुण्याची जराशी विरळ हवा, हिशेब जुळून येतो. माझ्याकडच्या बहुतेकांना ११० ते १३० च्या आसपासचा आकडा मानवतो. बारीक चणीच्या मुली आणि ज्येष्ठ त्याहून खाली ठेवतात. ज्याला आपला ड्रॅग फॅक्टर पाठ आहे तो मुंबईत, बेंगळुरूत किंवा बॉस्टनमधल्या बहिणीच्या सोसायटीत जाऊन दोन मिनिटांत मशीन आपल्यापुरतं लावून घेतो. हवेचं मशीन म्हणूनच मला आवडतं. त्याचा आकडा गावोगावी तोच अर्थ सांगतो.

पाण्याच्या मशीनचा स्वभाव निराळा आहे. क्लबहाऊसमधलं आमचं मशीन लाकडी आहे, पुढे पारदर्शक टाकी आणि तिच्यात पाती. ज्येष्ठांना ते पहिल्या दिवसापासून आवडलं, आणि त्यात आवाजाचा वाटा मोठा आहे. हवेचं मशीन घोंघावतं, इथे पाणी सळसळतं. हवेच्या मशीनची सवय झालेला माणूस इथे येऊन पहिल्याच स्ट्रोकला हिसका देतो, आणि त्याचा हात रिकामा जातो. विहिरीतून पोहरा काढताना आधी दोराचा झोल निघतो आणि मग वजन हाताला लागतं. पाण्याच्या मशीनवर प्रत्येक स्ट्रोकची सुरुवात माझ्या हाताला तशी लागते. तो झोल निघेपर्यंत पायांनी धीराने रेटायचं असतं. हिसका देणाऱ्याची पाठ आधीच उघडते, आणि वजन येतं तेव्हा पाय संपलेले असतात. सगळा भार कमरेवर जातो. इथे मी लोकांना डोळे मिटून स्ट्रोक घ्यायला सांगते. पडदा दिसला नाही की कान टाकीकडे लागतात, आणि पाण्याच्या आवाजावरून स्ट्रोक सलग आहे की तुटक, ते ज्याचं त्यालाच कळतं.

टाकीत पाणी कमी-जास्त करून भार बदलता येतो, पण तो खटाटोप रोज कुणी करत नाही, आणि करूही नये. टाकीतल्या पाण्यात ठरावीक काळाने शुद्धीकरणाची गोळी टाकावी लागते, नाहीतर उन्हाच्या बाजूने शेवाळ धरतं. हे काम क्लबहाऊसच्या वॉचमनकाकांनी आपण होऊन अंगावर घेतलं आहे. मशीनच्या तब्येतीबद्दल मी त्यांच्याशी जितकं बोलते तितकं कमिटीशी बोलत नाही.

ज्येष्ठांची खरी अडचण स्ट्रोकच्याही आधी येते, ती म्हणजे सीटवर बसणं आणि उठणं. पाण्याची लाकडी मशिनं बहुधा जमिनीलगत असतात. कन्सेप्ट टूच्या हवेच्या मशीनमध्ये साध्या मॉडेलची सीट चौदा इंचांवर असते आणि त्याच कंपनीचं उंच मॉडेल वीस इंचांचं. हा सहा इंचांचा फरक तरुण मुलाला जाणवतही नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या काकांना मात्र त्यावरूनच ठरवावं लागतं की व्यायाम करायचा की नाही. क्लबहाऊसमध्ये मी भिंतीलगतचा कठडा धरून बाजूने बसायला शिकवते. एक पाय पट्ट्यात, सीट हाताने पक्की धरलेली, मग दुसरा पाय. उठताना उलट. पहिला आठवडा अनेकांचा एवढ्यातच जातो, आणि तो मी कामाचाच आठवडा धरते. बसता-उठता न येणाऱ्याने स्ट्रोक शिकून काय करायचं?

पिस्टनचं मशीन मला भेटलं ते डहाणूकर कॉलनीच्या बाजूला राहणाऱ्या एका काकूंच्या घरी. मुलगा अमेरिकेत, त्याने ते ऑनलाइन मागवून दिलेलं. घडी केली की दिवाणाखाली जातं, आवाज नाही, किंमत कमी. दोन बाजूंना दोन दांड्या आणि प्रत्येकीला तेलाचा एकेक पिस्टन. दोन्हींची चकती एकाच आकड्यावर आहे ना, हे आधी पाहायचं. एक बाजू जड राहिली की आठवड्याभरात एकाच खांद्याची तक्रार सुरू होते. इथे दांड्या कमानीत फिरतात, सीटचा रूळ आखूड असतो, चाक नसल्यामुळे पुढच्या स्ट्रोकला मागच्याची काही मदत मिळत नाही. शिवाय तेल तापलं की पातळ होतं आणि भार उतरत जातो. काकूंना वाटायचं, दहाव्या मिनिटानंतर आपल्याला जोर चढतो. त्यांना खरं कारण सांगितलं तेव्हा त्या हिरमुसल्या, आणि मग आम्ही मिळून वेळापत्रक बदललं. चार मिनिटं स्ट्रोक, मग उठून घरात दोन फेऱ्या, पुन्हा चार मिनिटं. पिस्टनलाही निवायला वेळ मिळतो आणि काकूंनाही.

त्यांच्या मुलाकडे तिकडे हवेचं मशीन आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर माय-लेक एकाच वेळी बसतात. त्याच्या पडद्यावर मीटर, यांच्या पडद्यावर स्ट्रोकांची संख्या आणि कॅलरीचा काहीतरी आकडा. या दोन पडद्यांची तुलना करायला काहीच जागा नाही. म्हणून मी त्यांना दोन्ही घरी चालेल असं माप दिलं, ते म्हणजे श्वास. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात एक मोजणी बसवली. स्वतःला किती कष्ट पडताहेत ते माणसाने सहा ते वीस या आकड्यांत सांगायचं. सहा म्हणजे निवांत, वीस म्हणजे याच्या पुढे शक्य नाही. तरुण माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की ढोबळमानाने नाडीचे ठोके मिळतात, म्हणून सुरुवात सहापासून आहे. काकूंचं औषधपाणी सुरू असल्यामुळे ठोक्यांचा हिशेब मी त्यांना लावत नाही, फक्त बोलायला सांगते. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर बारा-तेराच्या आत आहोत. आता रविवारी लेक विचारतो, “आई, किती?” आणि त्या श्वास न अडकता “तेरा” म्हणतात. न्यू जर्सी आणि पुणे यांच्यामध्ये जुळणारा असा तो एकच आकडा आहे.

चुंबकाचं मशीन सगळ्यात जास्त दिसतं. शांत, स्वस्त, देखभाल जवळपास नाही. धातूच्या फिरत्या चाकाजवळ चुंबक आणला की चाकात विजेचे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि तेच चाकाला मागे धरतात. बटण फिरवून चुंबक जवळ-दूर केला की लेव्हल बदलते. हवेसारखी जोराबरोबर झपाट्याने वाढणारी ओढ इथे मिळत नाही. भार बराचसा बटणावर अवलंबून राहतो. त्यामुळे शेवटी जोर लावण्याची सवय असलेल्याला हे मशीन निर्जीव वाटतं. उलट दुखापतीतून उठलेल्यांना मी मुद्दाम यावर बसवते, कारण भार आपण लावला तेवढाच राहतो, घाईने ओढलं म्हणून अंगावर येत नाही.

अडचण आहे ती त्याच्या पडद्याची. बऱ्याच स्वस्त मशिनांत मीटर हे चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतात आणि लेव्हल कोणती आहे याचा त्या मोजणीशी संबंधच नसतो. सगळ्यात हलक्या लेव्हलवर हात झपझप मारणाऱ्याचे मीटर जास्त, आणि जड लेव्हलवर नीट, पूर्ण स्ट्रोक घेणाऱ्याचे कमी. “तिकडे दोन मिनिटांत व्हायचे” म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा अशाच मशीनवरून आलेला असतो. त्याचा स्टॅमिना कुठेही गेलेला नसतो.

एका जिममध्ये महिनाअखेरीला फळ्यावर पाचशे मीटरची नावं लावायचे. तिथे चुंबकाचं मशीन होतंच, त्यात हवेचं एक नवीन आलं. हवेचं येण्याचं कारण हायरॉक्स. आठ किलोमीटर धावणं आणि मध्ये आठ प्रकारचे व्यायाम अशी ती स्पर्धा. तिच्यात पाचवा टप्पा एक हजार मीटर रोइंगचा असतो, हवेच्या मशीनवर. मे २०२५ मध्ये ती पहिल्यांदा भारतात, मुंबईत झाली, आणि तेव्हापासून आमच्याकडची पंचविशी-तिशीतली मुलं-मुली रोइंगकडे गांभीर्याने पाहू लागली आहेत. फळ्यावर मात्र दोन्ही मशिनांच्या वेळा एकाच यादीत लागल्या. वरची सगळी नावं चुंबकाच्या मशीनवरची. प्रामाणिकपणे हवेवर राबणारी एक मुलगी यादीत खाली खाली गेली आणि दोन महिन्यांनी तिने रोइंग सोडून ट्रेडमिल धरली. मला हे फार लागलं. मी मॅनेजरांशी बोलले, दोन याद्या वेगळ्या करायला सांगितल्या आणि चुंबकाच्या यादीत वेळेऐवजी लेव्हल आणि स्ट्रोकचा दर लिहायला लावला. ती मुलगी परत आली. स्पर्धा लावायची तर तिचं माप आधी न्याय्य असलं पाहिजे, याबाबत मी तडजोड करत नाही.

मशीन बदललं तरी माणसाबरोबर येतो तो क्रम. आधी पाय, मग धड, मग हात. परत येताना उलट, आधी हात, मग धड, मग गुडघे. ओढायला एक मात्रा, परत यायला दोन. हे चारही मशिनांवर तसंच राहतं; पिस्टनवर हातांची वाट तेवढी वेगळी. म्हणून नव्या मशीनवर आलेल्याला मी आधी पडदा झाकायला सांगते, गळ्यातला टॉवेल त्यासाठी पुरतो. पट्टा बोटांच्या मुळाशी येईल अशी पायाची जागा लावायची. मग नुसत्या पायांचे स्ट्रोक, हात ताठ, पाठ जिथल्या तिथे. भार नेमका कुठे येतो ते तळव्याला कळेपर्यंत हेच. त्यानंतर धड, सगळ्यात शेवटी हात. मिनिटाला वीस-बावीस स्ट्रोकांच्या वर जायचं नाही. घाई असलेली मुलं कुरकुरतात. दहा मिनिटांनी टॉवेल काढला की आकडा कसाही असो, त्यांची पाठ सरळ असते, आणि माझं लक्ष पाठीवर असतं.

महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी उभारली, त्या हिंगणे बुद्रुकचं आज कर्वेनगर झालं आहे. त्यांच्या संस्थेच्या शाळा, वसतिगृहं, १९९१ साली सुरू झालेलं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हा भाग मुली-बायकांच्या वर्दळीचा, आणि माझ्या बॅचमध्येही त्या निम्म्याहून जास्त आहेत. रोइंग मशीन बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र उंच पुरुष असावा, असं मला वाटत आलं आहे. दांडा जाड, पायाची फळी मोठी, मॉनिटर लांब. लहान पावलाची मुलगी बसली की पट्टा बोटांच्या टोकांवर येतो आणि टाच उचलली की पाऊलच सुटतं. टाचेचा सरकता भाग वर घेतला की हे सुटतं, पण असा सरकता भाग असतो हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. दुसरी गोष्ट कुर्त्याची. लांब कुर्त्याचा मागचा पदर सीटखालच्या चाकात जातो आणि सीट जागीच अडकते. बुटक्या मशिनांवर हे हमखास होतं. ओढणी बाजूला काढून ठेवायची, कुर्त्याला कमरेशी गाठ मारायची आणि लांब वेणी वर बांधायची, एवढं सांगितल्याशिवाय मी कुणालाही बसू देत नाही. मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत सैल कपडे घालू नयेत असं एक वाक्य असतं. साठीच्या बाईला ट्रॅक पँटीत येण्याचा आग्रह धरला तर ती येणंच बंद करते. गाठ मारून ती वर्षानुवर्षं येते.

बॅचमध्ये कुणी हताश झालं की मी दत्तू भोकनळ यांच्याबद्दल सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं गाव, दुष्काळी पट्ट्यातलं. विहिरी खोदायच्या कामावर राबलेला हा माणूस २०१२ साली सैन्यात आला, पुण्यात रोइंग शिकला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने दोन वल्ह्यांची नाव हाकत तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये चौघांच्या नावेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. हे मी नुसता हुरूप यावा म्हणून सांगत नाही. वरच्या पातळीवरच्या रोअरांनाही मशीन आणि नाव यांच्यात सारखं जुळवून घ्यावं लागतं, हे आमच्या मंडळींना कळावं असं मला वाटतं. जमिनीवरचं मशीन हलत नाही, आपलं शरीर मागे-पुढे जातं. पाण्यात शरीराच्या मानाने नाव हलकी असते, आणि परत येताना तीच आपल्या खालून सरकते. घाईने पुढे आलात तर तिचा वेग मरतो. मशीनवर त्याच घाईची शिक्षा मिळत नाही. शिवाय धिप्पाड माणसाला मशीनवर आपलं वजन वाहून न्यावं लागत नाही, पाण्यात न्यावं लागतं. म्हणून मशीनखाली रूळ घालून ते मागे-पुढे सरकेल अशी सोय काढली गेली, आणि हॉलंडच्या कास रेकर्स यांनी तर पुढचा भागच सरकणारं मशीन तयार केलं. रोज दोन वेळा सराव करणाऱ्यांना मशीन बदलल्यावर वेळ लागतो, तर ऑफिस सांभाळून आठवड्यातून तीनदा येणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशीच्या आकड्याने खचून जाण्याचं काही कारण नाही.

सीओईपीच्या रिगाटाला, म्हणजे तिथल्या नावांच्या उत्सवाला, मी शक्य तेव्हा जाते. काठावर उभं राहून माझी नजर वल्ह्यांपेक्षा पाठींवर असते. एका नावेतल्या सगळ्या पाठी एकदम उघडताना आणि एकदम मिटताना पाहिल्या की सोमवारच्या बॅचला काय सांगायचं ते मनात तयार होतं.

सध्या माझ्यापुढचं काम खरेदीचं आहे. आमच्याच भागातल्या एका नव्या सोसायटीच्या कमिटीने रोइंग मशीन घ्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, “मॅडम, सगळ्यात चांगलं कोणतं?” त्यांच्यासमोर तीन कोटेशन होती, किमतींत मोठी तफावत, आणि प्रत्येक पानावर लेव्हल आणि कॅलरी ठळक अक्षरांत. सीटची उंची कुठेच लिहिलेली नव्हती. मी त्यांना सोसायटीत राहणाऱ्यांची वयं विचारली. निम्मे साठीच्या पुढचे, बाकी तरुण जोडपी, त्यांतले दोघे हायरॉक्सची तयारी करणारे. खाली व्यायामाच्या खोलीच्या वरच कुणाची तरी झोपायची खोली, त्यामुळे आवाजाचाही प्रश्न आहे. मला वाटतं त्यांना उंच सीटचं हवेचं मशीन लागेल आणि पहाटे सहाच्या आधी ते बंद ठेवण्याचा नियम. पण हे मी कागद पाहून ठरवणार नाही. कमिटीला मी सांगितलं आहे की गुडघेदुखी असलेले तीन ज्येष्ठ, एखादी ठेंगणी मुलगी आणि त्या दोघांपैकी एक तरुण अशी पाच माणसं शोरूमला घेऊन चला. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही निघतोय. ज्येष्ठांमधल्या काकूंना सांगितलंय, नेहमीचा कुर्ता घालूनच या.